कणकेची गोळी आणि शिंपल्याची चांदी

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीत अक्कलकोट रोड मागे पडलं की थोड्या वेळानं दुधनी येतं. अक्कलकोट तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या अगदी काठावरचं हे गाव. नगरपरिषद आहे, तूर-मुगाच्या सौद्यांची बाजार समिती आहे, आणि कानडी व मराठी या दोन्ही भाषा इथं सहज कानावर पडतात. हीच लोहमार्गाची वाट पुढे राज्याची हद्द ओलांडून गाणगापूर रोडला जाते आणि त्याहून पुढे रायचूरला. रायचूरजवळच कृष्णेच्या पात्रातलं कुरवपूरचं बेट आहे. दत्ताचे अवतार मानले जाणारे श्रीपाद श्रीवल्लभ, नृसिंह सरस्वती आणि अक्कलकोटचे स्वामी समर्थ या तिघांची ठिकाणं अशी एकाच मार्गावर आहेत. दुधनी बसलं आहे ते अक्कलकोट आणि गाणगापूर यांच्या मध्ये. त्यामुळे इथून जाणाऱ्या गाड्यांत दत्तभक्तांची वर्दळ कायमची.

या भक्तांच्या ओळखीची एक कथा आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. जवळ काही नाही, कुणाची भीती नाही, तरी चेहऱ्यावर आनंद. हे कुठून शिकलास, असं राजा विचारतो आणि अवधूत चोवीस गुरूंची यादी सांगतो. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र, अजगर, मधमाशी, पिंगला नावाची वेश्या, बाण घडवणारा कारागीर असे नाना गुरू आहेत. परंपरेनं या अवधूताला दत्तात्रेय मानलं. एकनाथांनी या स्कंधावरची आपली टीका 1573 मध्ये काशीत पुरी केली आणि चोवीस गुरू मराठी घरांत पोचले. त्या यादीत एक मासा आहे. जिभेच्या चवीपायी तो गळाला लागतो. त्याच अध्यायात थोडं आधी पतंग येतो. तो ज्योतीच्या रूपाला भुलून जळतो.

कीर्तनात हे दोघं बहुधा एका दमात सांगितले जातात: एक रसाला फसला, एक रूपाला, दोघंही इंद्रियांचे बळी. सांगणारा पुढे सरकतो, ऐकणारे माना डोलावतात. पण या दोघांची फसगत एकाच जातीची आहे का? माशाच्या तोंडात पडलं ते अन्नच होतं. पतंगाला जे दिसलं त्यात त्याच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. गळ टाकणाऱ्या माणसाला हा फरक पक्का ठाऊक असतो, कारण त्याच्या पिशवीत दोन्ही गोष्टी असतात. एक खरं आमिष, म्हणजे गांडूळ, कणीक, बारका मासा. दुसरं नकली, म्हणजे धातूचा चमकता पत्रा, रंगवलेली लाकडी मासोळी, रबरी बेडूक. या दुसऱ्या प्रकाराला हौशी मासेमार ल्यूर म्हणतात. खऱ्या वस्तूनं भुलणं आणि खोट्या वस्तूनं भुलणं हे दोन वेगळे दोष असतील, तर दोघांना एकच औषध कसं लागू पडेल?

आधी पाण्यावरची हकीकत. अक्कलकोट तालुका पावसाच्या बाबतीत कमनशिबी, पण अगदी कोरडा नाही. बोरी नदीवर कुरनूरचं धरण आहे, दक्षिणेच्या हद्दीवरून भीमा वाहते, तिच्यावर हिळ्ळीचा बंधारा आहे आणि वर दूर उजनीचा मोठा जलाशय. या पाण्यांवरचा पोटाचा धंदा मुख्यतः जाळ्यांचा आणि तो भोई-कोळ्यांच्या हातात. गळ ही त्यामानानं एकट्या माणसाची गोष्ट: काठी, तंगूस, काटा आणि पाण्यावर तरंगणारं बूच.

रोहू, मृगळ यांच्यासाठी कणकेची गोळी चालते. मांगुरासारख्या मिशाळ माशांसाठी गांडूळ. मिशाळ माशांच्या मिशांवर आणि बऱ्याच जातींत तर अंगभर चवीच्या पेशी असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग संपला तरी ते अन्न बरोबर हुडकतात. म्हणून आमिष पाण्यात नुसतं पडून राहिलं तरी आपलं काम करतं. त्याचा वास, त्याची चव पाण्यात पसरत जाते. ल्यूरचं तसं नाही. त्याला वास नाही, चव नाही, पोट भरेल असं काही नाही. त्याला लागतं ते बऱ्यापैकी नितळ पाणी, डोळ्यांनी शिकार करणारा मासा आणि सतत हलता हात. ओढलं, थांबवलं, पुन्हा झटका दिला, तरच पत्र्याची मासोळी होते. हात थांबला की तो पुन्हा पत्रा. आमिष वाट पाहू शकतं, ल्यूरला नाचवत ठेवावं लागतं.

ल्यूरचा इतिहासही मजेदार आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ईलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारांचं वर्णन करून ठेवलं आहे. तिथले मासे ज्या माशीवर झडप घालत, ती माशी गळाला लावता येत नसे, हाताळताच तिचा रंग उडे. म्हणून त्या लोकांनी काट्याभोवती लाल लोकर गुंडाळली आणि पिसं बांधली. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्यूएलनं 1852 मध्ये चमच्याच्या आकाराच्या ल्यूरचं पेटंट घेतलं. त्याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि माशानं त्याच्यावर झेप घेतली, अशी आख्यायिका सांगतात. फिनलंडच्या लाउरी रापालानं 1936 मध्ये बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली. कळपातली जखमी मासोळी जशी लटपटत पोहते आणि नेमकी तीच मोठ्या माशाच्या तोंडी जाते, ती चाल त्याला हवी होती. वरून त्यानं चॉकलेटचा चंदेरी कागद चढवला.

पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लोक शिंपल्याचे गळ करत होते. मोत्याच्या शिंपल्याचा लांबट तुकडा घासून त्याला काटा बांधायचा आणि नावेमागून ओढत न्यायचा. वर आमिष काही नाही. पाण्यात शिंपला चांदीसारखा लकाकतो, खालून येणाऱ्या माशाला वाटतं की ही चंदेरी मासोळीच.

शिंपला आणि चांदी! भारतीय दर्शनं शिकणाऱ्या कुणाचेही कान इथं टवकारले जातील. शुक्तिरजत, म्हणजे शिंपल्याच्या जागी चांदी दिसणं, हे आपल्याकडच्या भ्रमविचाराचं ठरलेलं उदाहरण आहे. काठावर पडलेला शिंपला माणसाला चांदीचा तुकडा वाटतो, तो वाकून उचलतो आणि ओशाळतो. एवढ्याशा प्रसंगावर आपल्या आचार्यांनी शतकानुशतकं वाद घातला. नैयायिक म्हणाले, बाजारात पाहिलेली चांदी मनानं इथं आणून बसवली. प्रभाकराच्या अनुयायी मीमांसकांनी सांगितलं की मुळात खोटं ज्ञान असं काही झालेलंच नाही. समोरचं 'हे' दिसलं, चांदीची आठवण झाली, आणि त्या दोहोंतला फरक ध्यानात आला नाही, एवढंच. रामानुजांच्या परंपरेनं शिंपल्यात चांदीचाही काही अंश असतो, असं मानलं. शंकराचार्यांच्या अद्वैतात ती चांदी खरीही म्हणता येत नाही आणि अगदी नाहीच असंही म्हणता येत नाही. माध्वांनी मात्र बजावलं की शिंपला शंभर टक्के खरा आणि चांदी शंभर टक्के नसलेली. नसलेलंच असल्यासारखं दिसलं. या शेवटच्या मताचे थोर टीकाकार जयतीर्थ चौदाव्या शतकातले. परंपरा त्यांना मंगळवेढ्याचे मानते आणि त्यांचं नाव मळखेडशी जोडते. एक ठिकाण सोलापूर जिल्ह्यात, दुसरं कलबुर्गीत. थोडक्यात, दुधनीच्या दोन्ही अंगांना या वादाच्या खुणा आहेत.

या आचार्यांपैकी कुणी माशाच्या डोळ्यांनी शिंपला पाहिला नव्हता. विसाव्या शतकात निको टिनबर्गेन या डच शास्त्रज्ञानं ते काम जवळजवळ केलं. स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशाच्या नराचं पोट विणीच्या काळात लाल होतं आणि त्या काळात एक नर दुसऱ्यावर तुटून पडतो. टिनबर्गेननं पाण्यात वेगवेगळे पुतळे सोडून पाहिले. हुबेहूब माशासारखा, पण पोट लाल नसलेला पुतळा नरानं फारसा मनावर घेतला नाही. माशासारखा मुळीच न दिसणारा, पण खालून लाल रंगवलेला ओबडधोबड तुकडा दिसला की तो चवताळून जाई. पुढे याच अभ्यासात असंही दिसलं की काही वेळा अतिशयोक्त नक्कल अस्सलावर मात करते. पक्षी स्वतःचं अंडं सोडून भलंमोठं नकली अंडं उबवायला धडपडतो. टिनबर्गेनला 1973 मध्ये दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळालं. ल्यूर का चालतो, याचं उत्तर त्याच्या प्रयोगांत आहे. प्राणी अख्खी वस्तू तपासत बसत नाही, एखादी खूण पाहून धावतो. प्रभाकरमताच्या मीमांसकाला हे वाचून समाधान वाटलं असतं: फरक ध्यानात आला नाही, एवढंच.

तिकडे अद्वैती विचारेल की चांदीचं पुढे काय झालं? शिंपला हातात आला की चांदी उरत नाही. खऱ्या ज्ञानानं खोट्याचा निरास होतो. वेदान्तात त्याला बाध म्हणतात. एकदा बाध झाला की तोच शिंपला त्याच माणसाला त्याच जागी पुन्हा सहसा फसवत नाही.

माशांच्या बाबतीत असं होतं का? नेदरलँड्समधल्या बॉयकेमा या संशोधकानं हे तपासलं. त्याचे निबंध 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. पाईक हा तिकडचा दबा धरून झडप घालणारा मासा, आपल्या मरळीच्या वळणाचा. फिरत्या पात्याच्या ल्यूरला एकदा लागलेले आणि सोडून दिलेले पाईक पुढे त्या ल्यूरला सहजी लागेनासे झाले. काट्याला जिवंत मासोळी लावली, तेव्हा मात्र अशी अक्कल त्यांना आलेली दिसली नाही. एकदा तोंड फाटूनही ते पुन्हा त्याच मासोळीवर झेपावत राहिले. आणि का झेपावू नये? ल्यूरचा धडा सरळ आहे: असं दिसणारं अन्न नसतं. मासोळीपासून काय शिकायचं? मासोळी खायचीच नाही असं ठरवलं तर पाईक उपाशी मरेल.

रोहूचा युरोपी भाऊबंद कार्प याहून हुशार निघाला. त्याच संशोधकाला दिसलं की एकदा अडकलेला कार्प पुढे गळापासून जपून राहतो. कार्प अन्न ओढून घेतो, तोंडात चाचपतो, काही टोचलं-खटकलं तर थुंकून टाकतो. खरा विवेकी मासा. माणसानं त्यावरही तोड काढली. 1980 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी एक नवी बांधणी आणली. काटा आमिषात खुपसायचाच नाही. तो मोकळा ठेवायचा आणि त्याच्या मागे केसासारख्या बारीक धाग्यानं आमिष लोंबतं सोडायचं. कार्प ते तोंडात घेऊन तपासतो. आमिष निर्मळ असतं, त्यात खोट सापडत नाही. थुंकायला जातो तेव्हा मागून आलेला काटा ओठात रुततो. अन्नाची परीक्षा घेणारा मासा परीक्षेत उत्तीर्ण होऊन पकडला जातो, कारण दोष अन्नात नव्हताच.

इथं पतंग आणि मासा यांच्या वाटा स्पष्टपणे वेगळ्या होतात. ल्यूरवर ज्ञान हा इलाज आहे. आमिषावर तो पुरत नाही, कारण आमिषाबद्दलचं ज्ञान आधीपासूनच बरोबर असतं.

महाभारतकारांना हे ठाऊक होतं, असं म्हणायला जागा आहे. उद्योगपर्वात झोप उडालेला धृतराष्ट्र विदुराला बोलावतो. विदुर त्याला सुनावतो की उत्तम भक्ष्याखाली झाकलेला लोखंडी गळ मासा लोभानं गिळतो, पुढचा विचार करत नाही. भक्ष्य खोटं होतं, असं विदुर म्हणत नाही. हस्तिनापूरचं राज्य खरंच होतं, ते दुर्योधनाला मिळत होतंही. रामायणातलं सोन्याचं हरीण याच्या अगदी उलट. तसं हरीण कुठं नसतंच. लक्ष्मणानं लगेच ओळखलं की हा मारीच आहे. पंचवटीतला तो ल्यूर होता आणि तो ओळखण्यासाठी एका सावध माणसाचे डोळे पुरेसे झाले.

इथं कुणी हरकत घेईल की लक्ष्मणानं सांगूनही राम गेलाच. हरकत रास्त आहे. रामाचं म्हणणं होतं की हा मारीच असेल तर त्याला मारायला हवाच; पण त्याला निघायला लावलं ते सीतेच्या हट्टानं, आणि सीतेची ओढ, रामाचं प्रेम या दोन्ही खऱ्या गोष्टी होत्या. नकली हरणामागे खरं काहीतरी बांधलेलं असेल तर ल्यूर ओळखूनही सुटका होत नाही.

तिसरा प्रसंग पुन्हा महाभारतातला, युद्धातला, आणि याहून बोचरा आहे. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावायचं होतं. धडधडीत खोटं ते मानणार नव्हते, म्हणून भीमानं त्यांच्या मुलाच्याच, म्हणजे अश्वत्थामा या नावाचा हत्ती खरोखरच मारला आणि युधिष्ठिरानं अश्वत्थामा मेल्याचं सांगितलं, हत्तीचा उल्लेख पुटपुटत. विधान खरं, काटा आत. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली टेकला. शब्दाला शब्द खरं बोलल्याची सवलत महाभारतानं त्याला दिली नाही.

हौशी मासेमारांत एक युक्तिवाद ऐकू येतो: ल्यूर बरा, त्यात गांडूळ मरत नाही, बारकी मासोळी काट्याला टोचावी लागत नाही. अहिंसेच्या हिशेबात एक जीव वाचतो हे खरंच. पण भुकेपेक्षा वेगळ्या गोष्टीलाही ल्यूर हात घालतो, हे मरळीच्या शिकारीत दिसतं. मरळीची जोडी पिलांचा थवा राखते. पिलं पृष्ठभागाशी घोळक्यानं फिरतात आणि आईबाप खाली पहाऱ्यावर असतात. त्या घोळक्यावरून रबरी बेडूक ओढला की मरळ त्याच्यावर तुटून पडते. खायला नव्हे, पिलांवर आलेलं संकट हाकलायला. मग ती लागते आणि पिलं उघडी पडतात. अवधूताच्या यादीतला कपोत इथं आठवतो. पारध्याच्या जाळ्यात पिलं अडकलेली पाहून आधी कबुतरी झेपावली, मग तिच्यामागे तो. चवीचा लोभ दोघांनाही नव्हता. अवधूत त्यालाही आसक्तीच म्हणतो. माणसाला मात्र मरळीला लोभी म्हणणं जड जातं. पिलांना राखणाऱ्या मरळीवर गळ टाकू नये, हा नियम हौशी मंडळींनी स्वतःहून पाळायला हवा.

पाण्याबाहेर येऊन पाहिलं तरी हा भेद टिकतो. 2019 मध्ये इस्लामपुरातलं कडकनाथ प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी त्यात अडकलेले निघाले. कडकनाथ ही झाबुआची काळ्या मांसाची कोंबडी, तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं होतं. शेतकऱ्यांना पक्षी मिळाले, ते वाढले. योजनेतलं वचन असं होतं की अंडी आणि वाढलेले पक्षी चढ्या भावानं परत घेतले जातील. ते घेणं थांबलं आणि दारात खाद्य मागणाऱ्या कोंबड्या उरल्या. कुणी शेतकऱ्याला आधी तपासून घे म्हणालं असतं, तर त्यानं कोंबडी तपासली असती, आणि कोंबडी अस्सल होती. खोट होती ती परत घेण्याच्या वचनात. इंग्लिश कार्पची गत इथं जशीच्या तशी दिसते.

दुसरं प्रकरण मुंबईचं. टोरेस या नावाच्या दागिन्यांच्या दुकानांत मॉइसनाईटचे खडे विकले जात आणि खरेदीवर दर आठवड्याला परतावा मिळेल असं सांगितलं जाई. मॉइसनाईट हा सिलिकॉन आणि कार्बनचा खडा. आज विकला जातो तो प्रयोगशाळेत बनवलेला. हिऱ्यापेक्षा त्याचा प्रकाश जास्त फाकतो, म्हणून तो हिऱ्याहून झगमगीत दिसतो. टिनबर्गेनच्या मोठ्या नकली अंड्याची जातच ही. पण लोकांनी घरदार गहाण टाकलं ते खड्याच्या झगमगाटापायी, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुरुवातीचे आठवडे परतावा खरोखर हातात येत होता. शेजाऱ्याच्या हातात आलेली रक्कम पाहून पुढचा माणूस गेला. डिसेंबर 2024 संपता संपता पैसे थांबले आणि जानेवारी 2025 मध्ये दादरच्या दुकानासमोर गर्दी झाली. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या 1999 च्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. झगमगाटानं लोकांना दारापर्यंत आणलं. आत धरून ठेवलं ते पहिल्या काही हप्त्यांनी, आणि ते हप्ते खऱ्या नोटांचे होते.

धर्माच्या क्षेत्रात महाराष्ट्रानं ल्यूरविरुद्ध मोठी लढाई केली आहे. हातातून अंगारा काढणं, नारळातून केस काढणं, अंगात येणं, या सगळ्यांमागची हातचलाखी कार्यकर्त्यांनी गावोगाव उघडी करून दाखवली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदाही आला. चमत्कार हे ल्यूर असतात. युक्ती एकदा डोळ्यांसमोर करून दाखवली की निदान त्या चमत्कारावरचा विश्वास डळमळतो. बाध होतो. पण माणसं सगळीच चमत्काराला भुलून जात नाहीत. आजारात डोक्यावर ठेवलेला हात, एकटेपणात मिळालेली सोबत, पोराच्या शाळेची फी, पंगतीतलं गरम जेवण, यांत हातचलाखी कसली? ही सगळी खरी अन्नं आहेत. मग पंगत आणि गळ यांत फरक करायचा तरी कसा?

अक्कलकोटला 1988 पासून स्वामी समर्थ अन्नछत्र चालतं. तिथं रोज हजारो माणसं जेवून जातात, जेवणाचे पैसे कुणी मागत नाही. दक्षिणेत शृंगेरीला, म्हणजे शंकराचार्यांच्याच पीठापाशी, तुंगेच्या घाटावर मोठमोठे मासे भाविकांच्या हातच्या चुरमुऱ्यांसाठी गर्दी करतात. तिथं मासेमारीला बंदी आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले महसीर मासेही देवीचे म्हणून राखलेले. तेही लोकांनी टाकलेलं खातात. माशाच्या बाजूनं पाहिलं तर शृंगेरीचे चुरमुरे आणि भीमेवरची कणकेची गोळी यांत काडीचा फरक नाही. वरून पडलेलं अन्न, वर उभा माणूस. फरक अन्नात शोधून सापडणार नाही. एका ठिकाणी अन्नाला दोरा आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायानं दानाची जी विभागणी केली आहे ती या दोऱ्यावरूनच. परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. उलट उपकार व्हावा, फळ मिळावं म्हणून, कुरकुरत दिलेलं ते राजस. गीता दिलेली वस्तू पाहत नाही. तांदूळ दोन्हीकडे तेच. मतदानाच्या आधी घरी येणारी साडी, पहिला हप्ता मुद्दाम वेळेवर देणारी योजना आणि शिष्याच्या सातबाऱ्यावर डोळा ठेवून वाटलेला प्रसाद, ही सगळी गीतेच्या हिशेबात राजस दानं ठरतात. मासेमाराच्या हिशेबात ती आमिषं.

पण घेणाऱ्यानं काय करावं? देणाऱ्याच्या मनातला दोरा घेणाऱ्याला दिसत नाही, माशाला तंगूस दिसत नाही तसा. भागवत इथं फार व्यवहारी आहे. मासा गुरू म्हणून येतो तेव्हा अवधूत जिभेबद्दल एक बारीक निरीक्षण नोंदवतो: उपास केला की इतर इंद्रियं ढिली पडतात, जीभ मात्र अधिक बळावते. म्हणजे अन्न टाळणं हा उपाय नव्हे. उपाशी मासा गळाला लवकर लागतो, हे काठावर बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. अवधूताचा उपाय मासा येण्याच्या आधीच, मधमाशीच्या धड्यात येऊन गेलेला असतो: थोडं थोडं, अनेक दारांतून घ्यावं, एकाच घरावर भार टाकू नये, उद्यासाठी साठवू नये.

गाणगापुरात हा उपाय आजही पाळला जातो. भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळच्या त्या गावात दुपारी माधुकरी मागण्याची प्रथा आहे; स्वतः दत्तगुरू त्या वेळी कुठल्यातरी रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा. ज्यांच्या घरी कशाची कमी नाही, असे भाविकही झोळी घेऊन पाच घरं फिरतात. याकडे नुसती नम्रतेची सवय म्हणून पाहिलं जातं, पण माशाच्या शेजारी ठेवून पाहिलं तर त्यात शहाणपणाची एक पक्की रचना दिसते. माधुकरी मागणारा काय मिळणार ते ठरवत नाही, म्हणून त्याच्या चवीला नेम धरून काही लावता येत नाही. तो एका दारावर थांबत नाही, म्हणून कुणा एकाचा दोरा त्याला बांधत नाही. साठवत नाही, म्हणून उद्याच्या वचनावर त्याला विकत घेता येत नाही. कडकनाथच्या किंवा मॉइसनाईटच्या योजनेचं सगळं बळ याच तीन गोष्टींत होतं: ठरलेली हाव, एकच देणारा आणि उद्याचं वचन.

म्हणून मासा आणि पतंग यांना एका वाक्यात बसवणाऱ्या निरूपणाशी सहमत होता येत नाही. पतंगाला हवी ओळख, माशाला हवी घेण्याची शिस्त. महाराष्ट्रानं पहिलीवर पुष्कळ मेहनत घेतली आणि ती वाया गेली नाही. दुसरीकडे मात्र सोवळं किंवा उपासतापास म्हणून पाहिलं गेलं आणि ती मागे पडली. शाळेत खोटा चमत्कार ओळखायला शिकवता येतं, तसा पहिला हप्ता वेळेवर आल्यावर दुसरा प्रश्न विचारायलाही शिकवता येईल: हे देणाऱ्याला माझ्याकडून उद्या काय हवं आहे?

दुधनीवरून गाणगापूरला जाणाऱ्या वाचकानं एकनाथी भागवताचा आठवा अध्याय बरोबर घ्यावा. त्यात पतंग आणि मासा यांच्यामध्ये मधमाशी, हत्ती, मध काढून नेणारा आणि हरीण असे चार गुरू आहेत. ते ओलांडून घाईनं पुढे जाऊ नये. मधमाशीपाशी थांबावं, आणि गाणगापुरात पोचल्यावर दुपारी एकदा तरी झोळी घेऊन पाच घरं फिरून यावं.